सरासरी

तिर्लोटकरांच्या मांगराचा मीटर
आंब्याच्या दिवसांतही चाळीसच्या वर जात नसे.
एक बल्ब, एक पंखा, पेट्या ठोकणाऱ्या गड्यांचा रेडिओ.
भाद्रपदात मी काच पदरानं पुसली
आणि आकडा पुन्हा वाचला.
एका महिन्यात आठशे बारा.

आंबा केव्हाच संपलेला,
कौलांवर शेवाळ अजून ओलं,
दाराला कुलूप,
आणि आत कुणीतरी झोपेत घोरावं
तशी एक सलग घरघर.

"पाण्याचो पंप," माझ्या मागून अनिरुद्ध.
पायात जहाजावरचे बूट, हातांना वास,
ओल्या कोथिंबिरीसारखा, पण कोथिंबिरीचा नव्हे.
म्हटलं, विहीर तर वरच्या अंगाला आहे.
तो हसला, माझ्या मशीनकडे बघत.

गावात तेव्हा वेगळीच बोलणी.
रात्री खाडीत शिरणाऱ्या होड्यांना
कातळावर जांभळा उजेड दिसायचा,
ठरल्या वेळी उगवायचा, ठरल्या वेळी मावळायचा.
देवचार फिरता, म्हणाले.
त्या वाटेवर गवत माजलं.
अनिरुद्ध दर अवसेला वईपाशी
रोट आणि विडी ठेवायचा.
विडी मागाहून तोच ओढायचा,
हे त्यानंच मला सांगितलं,
आश्विनात, कुलूप नव्हतं त्या दिवशी.

"ये गो, बघ."
आत सूर्य भिंतीवरच्या घड्याळाला बांधलेला.
काळ्या बादल्यांत गुडघाभर झाडं,
सगळी एका उंचीची,
कवायतीला उभी केल्यासारखी, पंजे पसरून.
भिंतींना चंदेरी कागद. वाऱ्यात मीठ नाही.
एक मुंगीसुद्धा नाही.
आंब्याच्या पेटीवर बसून तो बियाण्याचं नाव सांगत होता, परदेशी,
आणि किती उतारा पडेल ते.
माझा बाप कुठल्या कलमाला किती पेट्या
ते सांगायचा, त्याच आवाजात.

बाहेर, पोफळींच्या आडोशाला, त्याच बियांची दोन.
एक माझ्या डोक्याच्या वर गेलेलं.
खाऱ्या वाऱ्यानं पानांच्या कडा करपलेल्या,
अळीनं खोडाला भोक पाडलेलं,
तरी झेंडूच्या ओळीत घुसून
न बोलावता जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखं ऐसपैस.
दुसरं गुरवांच्या शेळीनं खाल्लं.
शेळी दीड दिवस देवळाच्या पायरीवर
समुद्राकडे बघत बसून राहिली,
शेवटी बायकांनी तिला हळदकुंकू लावलं.
सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, इतका हसला.
मीही हसले.
ते हसणं मला अजून नडतं.

कारण आकडा मी भरला होता. भरायचाच असतो.
बिलंही त्यानं वेळेवर भरली, तिन्ही.
आख्ख्या वाडीत तारेवर आकडा न टाकणारा
तो एकटा.
टाकला असता, तर वरच्या ऑफिसात
त्याच्या नावाखाली कुणी लाल रेघ ओढली नसती.

मार्गशीर्षात टेम्पो आला.
झाडं मुळांसकट गोणपाटात.
आतली-बाहेरची असं वेगळं केलं नाही,
पण पंच म्हणून सही केलेला पोस्टमन बेर्डे
अजून ज्याला त्याला सांगतो,
बाहेरचं ते एकटं, आतल्या पाचांना भारी भरलं.

आता बेड्यालाच कुलूप, वर लाखेचं सील.
मीटरपर्यंत जाता येत नाही.
मी मशीनमध्ये टाकते: बंद.
मशीन मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढतं
आणि काळोख्या मांगराला
दर महिना आठशेचं बिल धाडतं.
परवा त्याची बहीण चार बिलं घेऊन
एसटीच्या थांब्यावर मला गाठून उभी.
"ह्यां कसलां गो? थंय तर कोणच नाय."
अर्ज कुठं करायचा ते मी सांगितलं.
दोनदा सांगितलं.

परतताना वईच्या अलीकडे,
गटाराच्या कडेला काहीतरी उगवलेलं दिसलं.
वाकून पाहिलं.
झेंडूच होता.